वाफ, बर्फ आणि चेहऱ्यावरील लाली

गेल्या अंकांत कल्हईविषयीं लिहितांना, पुढील खेपेस ऋतुमानानुसार स्नानाचा विचार करूं, असें मीं म्हटलें होतें. तो विचार आज बाजूस ठेवावा लागत आहे. मध्यंतरीं आमच्या घरीं एक मंगलकार्य झालें, आणि त्या निमित्तानें ऊन पाण्याचा जो धडा आम्हां सर्वांस मिळाला, तो आधीं सांगितल्यावांचून स्नानाविषयीं चार शब्द लिहिणें मला प्रशस्त वाटत नाहीं.

आमच्या धाकट्या बंधूंची कन्या यंदां वैशाखांत बोहल्यावर चढली. हल्लींच्या रिवाजाप्रमाणें वधूनें लग्नाच्या दोन महिने आधींपासून पार्लरमध्यें जावयाचें असतें. आमच्या लहानपणीं हळद, डाळीचें पीठ आणि साय एवढ्यावर हें काम भागत असे. परंतु काळ बदलला, त्याविषयीं माझी तक्रार नाहीं. पहिल्या खेपेस ती फेशियल करून परत आली तेव्हां तिचा चेहरा अगदीं आरक्त झाला होता. माजघरांत साऱ्या जावा गोळा झाल्या, आमच्या सौ.नें मीठमोहऱ्या उतरून टाकल्या, आणि मुलगी माझ्या खुर्चीपाशीं येऊन म्हणाली, "काका, वाफ घेतल्यानें रक्ताभिसरण वाढतें आणि त्वचेला पोषण मिळतें, असें तेथल्या बाई म्हणाल्या. खरें का हो तें?"

छत्तीस वर्षें शाळेंत संस्कृत आणि शास्त्र शिकविण्यांत गेलेल्या माणसास असा प्रश्न ऐकून गप्प बसवत नाहीं. मी म्हणालों, "पहिलें अर्धें खरें. दुसरें अर्धें ऐकावयाचें असेल तर बस जरा."

प्रौढ मनुष्याच्या त्वचेचें क्षेत्रफळ सुमारें दीड ते दोन चौरस मीटर भरतें. ह्या त्वचेस स्वतःच्या पोषणासाठीं लागणारें रक्त अगदीं थोडें असतें. तरीसुद्धां तिच्यांत रक्तवाहिन्यांचें जाळें मात्र त्या गरजेच्या कितीतरी पट मोठें घातलेलें आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाचें हृदय मिनिटास सुमारें ५ लिटर रक्त पुढें लोटतें. हवा समशीतोष्ण असतां त्यांपैकीं पाव ते अर्धा लिटर रक्त त्वचेंतून फिरतें. कडक थंडींत हा प्रवाह जवळजवळ बंद पडतो, आणि सर्व शरीर अतिशय तापलें असतां तोच मिनिटास ६ ते ८ लिटरांपर्यंत चढूं शकतो. अर्थात् अशा वेळीं हृदयासही दुपटीनें राबावें लागतें. आतां, भुकेच्या दहा-वीस पट अन्न कोणाच्या पानांत येऊन पडूं लागलें, तर तें त्याच्या जेवणासाठीं आलें असें कोणी म्हणणार नाहीं. हें रक्त त्वचेस जेवूं घालण्यासाठीं आलेलें नसतें. शरीराच्या आंतील उष्णता पृष्ठभागावर आणून ती हवेंत टाकून द्यावी, एवढ्यासाठीं तें आलेलें असतें. मुलीच्या गालांवर जी लाली आम्ही सर्वजण कौतुकानें पाहत होतों, ती वाफेनें दिलेली उष्णता परत बाहेर काढण्याची तिच्या शरीराची खटपट होती. उष्णता गेली कीं खटपट संपते, आणि त्याबरोबर लालीही ओसरते.

मुलगी जराशी हिरमुसली. तिची समजूत घालण्यासाठीं मीं तिला ह्या खटपटीची मौज सांगितली. ती वाचकांसही आवडेल. त्वचेच्या एखाद्या लहानशा भागास सुमारें ४२ अंश सेल्सियसपर्यंत ऊब देऊन ती तशीच राखली, तर तेथील रक्तप्रवाह एका झोक्यांत वाढत नाहीं. पहिल्या कांहीं मिनिटांत तो झपाट्यानें वर चढतो, मग किंचित् खालीं येतो, आणि नंतर सावकाश पुन्हां वाढत जाऊन अर्ध्या तासाच्या सुमारास कमालीच्या पातळीस पोंचतो. पहिली चढण ज्ञानतंतूंमुळें होते: ऊब लागलेला तंतु मेंदूकडे बातमी धाडतां धाडतां आपल्या शेजारच्या रक्तवाहिनीसही परस्पर सैल होण्यास सांगतो. दुसरी चढण मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड नांवाच्या वायूमुळें होते. तो रक्तवाहिनीच्या आंतल्या अस्तरांतच तयार होतो आणि तिच्या भिंतींतील स्नायूंस शिथिल करतो. रक्तवाहिन्यांवरील ह्या वायूच्या कार्याचा शोध लावणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद ह्या तिघां शास्त्रज्ञांस १९९८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. मोटारींच्या धुरांतला जो वायू आपण विषारी म्हणून ओळखतों, तोच कणाकणानें आपल्या शरीरांत असें नाजूक काम करीत असतो, हें ऐकून मुलगी हिरमुसलेपण विसरली.

वाफेनें त्वचेचीं छिद्रें उघडतात आणि बर्फानें तीं मिटतात, हाही समज सर्वत्र आहे. छिद्रांस दाराप्रमाणें फळी नसते, कीं त्यांस उघडमीट करणारा स्नायूही नसतो. वाफेच्या उबेनें छिद्रांतील तेलकट मळ मऊ होतो आणि वरची शुष्क त्वचा भिजून फुगते, त्यामुळें तो मळ काढणें सोपें जातें. वाफेचा खरा उपयोग एवढाच. पण तोही कांहीं टाकाऊ नव्हे.

वाफेस मात्र कमी लेखूं नये. उकळतें पाणी आणि वाफ ह्या दोहोंचें तपमान १०० अंशच असतां वाफेनें अधिक कां भाजतें, हा प्रश्न मी दरवर्षीं मुलांस विचारीत असें. एक ग्रॅम उकळतें पाणी आपल्या अंगाच्या उष्णतेइतकें, म्हणजे ३७ अंशांपर्यंत, निवतांना सुमारें ६३ कॅलरी उष्णता देतें. एक ग्रॅम वाफ त्वचेवर पडून तिचें पाणी होतांना प्रथम ५४० कॅलरी देते, आणि मग त्या पाण्याच्या ६३ निराळ्या. वाफ हवेंत मिसळून लांबून आली तर तिचा जोर मोडतो. यंत्राच्या तोंडाशीं चेहरा नेला तर तो मोडत नाहीं. ह्या बाबतींत आपल्या पूर्वजांची दृष्टि किती बारीक होती पाहा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत चौदावा अध्याय सर्वस्वीं स्वेदाचा, म्हणजे शेकण्या-घामाविण्याचा आहे. त्यांत अग्नीच्या साहाय्यानें करावयाचे तेरा स्वेद सांगितले आहेत. त्यांपैकीं नाडीस्वेदांत नळीवाटे वाफ द्यावयाची असते. ती नळी सरळ न ठेवतां दोन-तीन ठिकाणीं वांकवावी, म्हणजे वांकड्या वाटेनें येणाऱ्या वाफेचा प्रचंड वेग मोडतो आणि ती त्वचा न जाळतां सुखानें घाम आणते, असा तेथें खुलासा आहे. डोळ्यांस आणि हृदयास शेक अगदीं सौम्य द्यावा किंवा देऊंच नये, असेंही त्याच अध्यायांत म्हटलें आहे. वाग्भटानेंही ऊन पाणी मानेखालच्या अंगास बलकारक, पण डोक्यावर घेतल्यास केंसांस आणि डोळ्यांस अहितकारक, असा भेद केलेला आहे.

दुसऱ्या दिवशीं मुलीनें विचारलें, "मग वाफ कोणीं घेऊं नये?" हा प्रश्न पहिल्यापेक्षां शहाणपणाचा होता. ज्यांचे गाल व नाक थोड्याशा उन्हानें, गरम चहानें किंवा तिखटानें लाल होऊन तसेच तासन् तास राहतात, त्यांच्या चेहऱ्यावरील रक्तवाहिन्या आधींच चटकन सैल पडणाऱ्या असतात. डॉक्टर ह्या विकारास रोझेशिया म्हणतात. अशांस वाफ त्रासदायकच होते. ज्यांच्या गालांवर वांग आहेत त्यांनींही जपावें. उष्णतेनें वांग अधिक गडद होऊं शकतात, आणि आपल्यासारख्या सांवळ्या कातडीवर तर नुसती होरपळ झाली तरी तिचा काळा डाग महिनोन् महिने राहतो. मुरुमांसाठीं जे लोक रेटिनॉइड वर्गाचीं औषधें घेत असतात किंवा लावीत असतात, त्यांची त्वचा नाजूक झालेली असते. त्यांनीं गरम मेणानें केंस काढविले तर केंसांबरोबर कातडीचा पापुद्राही निघून येतो. पार्लरमधील बाईंस हें आपण होऊन सांगावें लागतें. त्यांनीं तें ओळखावें कसें?

आतां थंडीकडे वळूं. मेण ओढून काढल्यावर किंवा भुंवया कोरल्यावर बर्फ लावतात, तें योग्यच आहे. थंडीनें रक्तवाहिन्या आकुंचित होतात, लाली व सूज उतरते, आणि वेदनाही बोथट होते. परंतु येथेंही एक मर्यादा आहे. लंडन येथील सर थॉमस लुइस ह्या वैद्यकशास्त्रज्ञानें १९३० सालीं असें दाखवून दिलें, कीं बर्फाच्या पाण्यांत बोट बुडवून ठेवलें असतां आरंभीं तें पांढरें, गार पडतें; पण पांच-दहा मिनिटांनीं तेथील रक्तवाहिन्या आपण होऊन उघडतात, बोट ऊबदार होतें, मग पुन्हां आकसतें, असा खेळ आळीपाळीनें चालूं राहतो. थंडीनें गोठून अवयव मरूं नये म्हणून निसर्गानें केलेली ही तजवीज असावी. नाक आणि कान येथेंही ती आढळते. ह्यावरून एवढें समजावें, कीं बर्फ फार वेळ धरून ठेवल्यानें अधिक गुण येतो असें नाहीं. फडक्यांत गुंडाळून, फिरवीत फिरवीत, एका ठिकाणीं मिनिट-दोन मिनिटें पुरे. उघडा बर्फ एकाच जागीं दाबून धरल्यास त्वचा थंडीनेंही भाजल्यासारखी होते. गार पाण्यानें ज्यांच्या अंगावर पित्त उठतें, किंवा ज्यांचीं बोटें थंडींत पांढरीं-निळीं पडतात, त्यांनीं बर्फाच्या वाटेस जाऊंच नये. बोटें पांढरीं पडण्याच्या ह्या विकारास, १८६२ सालीं त्याचें वर्णन करणाऱ्या फ्रेंच वैद्य मोरिस रेनो ह्यांचें नांव मिळालेलें आहे.

थंडीचा आणखी एक नवा उपयोग मुलीच्या मैत्रिणींच्या बोलण्यांत आला, तो म्हणजे मेद गोठवून कंबर बारीक करणें. ही थट्टा नाहीं. बर्फाच्या कांड्या चोखणाऱ्या लहान मुलांच्या गालांतील चरबीस इजा होते, हें १९७० सालीं अमेरिकेंत नोंदलें गेलें होतें. म्हणजे त्वचेपेक्षां चरबीला थंडी लवकर बाधते. त्याच गुणाचा उपयोग करून मॅन्स्टीन आणि अँडरसन आदि संशोधकांनीं २००८ सालीं मेद गोठविण्याची रीत प्रसिद्ध केली. ह्या रीतींत त्वचा यंत्राच्या वाटींत ओढून घेतात. त्या ओढीनें आणि थंडीनें तेथील रक्तप्रवाह मंदावतो, त्यामुळें आंतून येणारें ऊन रक्त तो भाग पुन्हां तापवीत नाहीं. क्वचित् कोणाच्या ठिकाणीं मेद कमी होण्याऐवजीं वाढून बसतो, हें मात्र जाहिरातींत सहसा लिहिलेलें नसतें. लेसरनें केंस काढतांना वरची त्वचा थंड ठेवतात, ती केवळ ती जळूं नये म्हणून. त्यानंतर एक-दोन दिवस कढत पाण्याचें स्नान टाळावें. असो. ह्या महागड्या गोष्टी आमच्या घरीं कोणीं केल्या नाहींत.

आमच्या घरीं जें घडलें तें एका साध्या घमेल्यांत घडलें.

लग्नास चार दिवस उरले असतां घरांतील सर्व स्त्रिया पाय स्वच्छ करवून घेण्यासाठीं एका ठिकाणीं गेल्या. आमच्या सौ.स मधुमेह होऊन चवदा वर्षें झालीं. ती जावयास तयार नव्हती. पण "काकू, माझ्या लग्नांत तुमच्या टांचांच्या भेगा दिसावयास नकोत," असें म्हणून मुलीनें तिला हात धरून नेलें. मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत बसलों होतों. जातांना सौ.नें मला विचारलें, "अहो, जाऊं ना?" मीं मान हलविली. तेथें प्रत्येकीपुढें ऊन पाण्याचें घमेलें ठेवण्यांत आलें. बंधूंच्या पत्नीनें पाय घातला आणि चटकन काढून घेतला. मुलीनेंही गार पाणी मिसळून मागितलें. सौ. मात्र म्हणाली, "मला तर छान ऊब वाटते आहे." आणि ती वीस मिनिटें तशीच बसली. तिच्या सहनशीलतेचें सर्वांनीं कौतुक केलें. दुसऱ्या दिवशीं पहाटे पाहतों तों दोन्ही पायांस घोट्यांपासून बोटांपर्यंत फोड आलेले. तिला दुखत कांहींच नव्हतें.

ती सहनशीलता नव्हती. उष्णता आपल्याला कळते कशी, ह्याचा उलगडा १९९७ सालीं अमेरिकेंतील डेव्हिड ज्यूलियस ह्यांच्या प्रयोगशाळेंत झाला. ज्ञानतंतूंच्या टोकांवर एक सूक्ष्म दार असतें. सुमारें ४३ अंशांच्या वर तें उघडतें आणि पोळल्याची वर्दी जाते. मिरचीच्या तिखटानेंही तेंच दार उघडतें, म्हणून तिखट "झोंबतें". ह्या शोधाबद्दल त्यांस २०२१ चें नोबेल पारितोषिक मिळालें; स्पर्शाच्या ज्ञानाबद्दल आर्डेम पॅटापूटियन हे त्यांत सहभागी होते. आणि हा ४३ चा आंकडा उगाच नाहीं. १९४७ सालीं मॉरिट्झ आणि हेन्रिक्स ह्या दोघांनीं त्वचा किती अंशांवर किती वेळांत भाजते हें मोजून प्रसिद्ध केलें. ४४ अंशांवर सुमारें सहा तास लागतात. ६० अंशांवर अवघीं पांच सेकंदें. म्हणजे जेथून धोका सुरू होतो, तेथेंच निसर्गानें घंटा बांधून ठेवली आहे.

मधुमेह पुष्कळ वर्षें राहिला कीं पायांचे ज्ञानतंतु बधिर होतात, आणि ही घंटा वाजत नाहीं. इतकेंच नव्हे. घंटा वाजली नाहीं तरी निरोगी पायांत रक्ताचा ओघ वाढून पुष्कळशी उष्णता वाहून नेतो; मधुमेह्यांच्या आणि वृद्धांच्या पायांत तो ओघही नीट वाढत नाहीं, त्यामुळें उष्णता जेथल्या तेथें सांचते. मग झालेली जखम भरून काढण्यासही तेंच अपुरें रक्त उरतें. पहारेकरी निजलेला, पाणी आणणारा थकलेला, आणि घर पेटलेलें, अशी ती अवस्था. ज्या पाण्यानें मुलीच्या पायांस केवळ लाली आली असती, त्याच पाण्यानें तिच्या काकूचे पाय भाजले.

डॉक्टरांनीं पाय पाहून प्रथम आम्हांसच चार शब्द ऐकविले. ते योग्यच होते. उजव्या पायाची करंगळी काळवंडूं लागली तेव्हां ती राहते कीं काढावी लागते, ह्या चिंतेंत लग्नघरांतले ते चार दिवस गेले. मंगलाष्टकांच्या वेळीं अंतरपाटाजवळ उभें राहून अक्षता टाकण्याची सौ.ची फार हौस होती. ती खुर्चीवर बसून, पायांस पांढऱ्या पट्ट्या बांधून, लांबूनच अक्षता टाकीत होती. नवऱ्या मुलीचें लक्ष सारखें तिकडे जात होतें, आणि तिच्या डोळ्यांतील पाणी पाहून पाहुण्यांस वाटलें कीं माहेर सुटण्याचें दुःख आहे. जखमा भरण्यास सात आठवडे लागले. करंगळी राहिली.

ह्यांत मी कोणास दोष देत नाहीं. पाणी देणाऱ्या मुलीस मधुमेहाची कल्पना नव्हती, आणि कोणी ती दिलीही नव्हती. दोष द्यावयाचाच झाला तर तो मला द्यावा लागेल. चरकाच्या ज्या अध्यायांतील वांकड्या नळीची गोष्ट मीं पुतणीस रंगवून सांगितली, त्याच अध्यायांत स्वेद कोणास देऊं नये ह्याची यादी आहे. त्यांत गर्भिणी आहे, रक्तपित्ताचा रोगी आहे, पित्तप्रकृतीचा माणूस आहे, आणि मधुमेहीही आहे. ती यादी मला तीस वर्षें पाठ आहे. "अहो, जाऊं ना?" असें सौ.नें विचारलें त्या क्षणीं ती आठवली नाहीं.

मधुमेह्यांनीं पाय ऊन पाण्यांत भिजत घालूंच नयेत, असें आमच्या डॉक्टरांचें स्पष्ट सांगणें आहे. धुवावयाचे तर पाणी ३७ अंशांच्या वर नको, आणि तें पायानें अजमावूं नये. कोपरानें अजमावावें, त्याहून बरें म्हणजे उष्णतामापकानें. शेकण्याची रबरी पिशवी किंवा विजेची गादी पायांशीं घेऊन निजण्याची संवय वडीलधाऱ्यांस असते; तिच्यांतही हाच धोका आहे, कारण निजलेल्या माणसास रात्रभराचा हिशेब नसतो. दिवाळीच्या पहाटे कढत पाण्यानें अभ्यंगस्नान करून एकदम उठणाऱ्या वृद्धांस भोंवळ येते, तीही ह्याच कारणानें: सर्वांगाचें रक्त त्वचेकडे ओढलें जाऊन क्षणभर डोक्याकडे कमी पडतें. त्यांस पाटावरून सावकाश उठवावें आणि जवळ कोणीतरी उभें राहावें.

परवां श्रावणांत मंगळागौरीस पुतणी माहेरीं आली. सकाळीं मी देवपूजा आटोपून आंत गेलों तों ती न्हाणीघरांत काकूच्या पायांपाशीं बसलेली. तान्ह्या मुलांच्या स्नानासाठीं मिळतो तो उष्णतामापक तिनें स्वतःच विकत आणून खुंटीस बांधून ठेवला आहे. तो तिनें बादलींत बुडविला आणि वर काढून उजेडाकडे धरला.

"काकू, पस्तीस."

"अगं, गारच कीं हें," सौ. म्हणाली.

"असूं दे," असें म्हणून तिनें तांब्या भरला.

ऋतुमानानुसार स्नानाचा राहिलेला विचार पुढील अंकीं करूं.